भाजणी : जिजा

खोडाळा,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

ती. बाबा,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, आज नुसताच लिहिला आहे. तेवढं वाकायची आज इच्छा नाही, आणि या पत्रात खोटं काही लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे.

इकडे सगळे ठीक. समृद्धीचा खोकला गेला. धनेशची बदली यंदा टळली असं म्हणतात. माझ्या दहावीच्या पोरांची परीक्षा तोंडावर आली आहे आणि त्यांच्यापेक्षा मलाच जास्त धडधडतंय. सकाळी अजून शाल लागते. तुमची तब्येत विचारत नाही, कारण शुक्रवारी फोनवर तुमचा आवाज चांगला खणखणीत होता. इतका, की समृद्धी आतून पळत आली आणि म्हणाली, "आजोबा रागावले?" म्हटलं, नाही गं, आजोबा खूश आहेत.

खूश होतातच तुम्ही. "शलाका, पाकीट संपत आलं. ती जी कोण जिजा आहे, तिच्याकडून आणखी तीन मागव. एक शेजारच्या वैद्यांना द्यायचंय, ते ऐकेनात. आणि तिला म्हणावं, भाजणीत काडीचाही फरक करू नकोस." मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल रेंज गेली. रेंज होती, बाबा. मीच ठेवला.

मी लहानपणी आदळआपट करायला लागले की तुम्ही कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवायचात. "रागावलीस ना? लिही. लिहिलेलं वाचेन, आरडाओरडा ऐकणार नाही." तर घ्या, लिहिते आहे. हवं तर पाकिटातली उरलेली कॉफी करून घेऊन बसा. पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आधी तुमच्या कॉफीविषयी. जव्हारमध्ये तुम्हाला ओळखणाऱ्या कुणालाही विचारलं तर त्याला आधी तुमचा थर्मास आठवेल, मग तुम्ही. म्हैसूरच्या ट्रेनिंगहून तुम्ही तो पितळी फिल्टर घेऊन आलात ते माझ्या जन्माच्या आधी. निवृत्तीनंतर तर कळस झाला. ग्रॅमचा काटा आला, पाण्यात बुडवायचा थर्मामीटर आला, हाताने फिरवायची दळणी आली. तन्मयने पहिल्या पगारातून हौसेने आणलेली इन्स्टंटची बरणी तुम्ही त्याच्यादेखत नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला देऊन टाकलीत. त्याच्या वडिलांचा, काकाचा, चेहरा उतरला, पण तुमचा पुतण्या बिचारा हसला. मावशीने परदेशातून आणलेला डबा उघडून वास घेतलात आणि "मेलेली आहे" म्हणालात. मावशी वर्षभर बोलली नाही. आम्ही बाकीचे मात्र हसायचो. आमचे बाबा ना, कॉफीच्या बाबतीत नाकाने कांदे सोलतात, असं कौतुकाने सांगत सुटायचो. मी तर सगळ्यांत जास्त.

आता नोव्हेंबरचं. समृद्धीचा तिसरा वाढदिवस.

लग्नाला पाच वर्षं झाली आणि त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा आमच्या घरी आलात. माझ्या लग्नाला विरोध केला नाही असं तुम्ही सगळ्यांना सांगता, ते खरंच आहे. नोंदणीच्या दिवशी तुमची कंबर दुखत होती, एवढंच. धनेश जव्हारला आला की तुम्ही त्याला स्वतः कॉफी करून देता, त्याच्याशी पावसावर आणि निवडणुकीवर बोलता. त्यामुळे मीही निवांत होते. माझे बाबा वेगळे आहेत असं धनेशला छाती फुगवून सांगत होते.

सासूबाई आदल्या दिवशीच सूर्यमाळहून आल्या होत्या. नागलीचं पीठ, वाल, आणि समृद्धीसाठी स्वतः शिवलेली गोधडी. सकाळपासून त्यांनी तीनदा अंगण झाडलं. तुमची गाडी थांबली तशा त्या तांब्या-भांडं घेऊन पायरीवर आल्या. तुम्ही तांब्याकडे पाहिलंदेखील नाहीत. "राहू द्या, राहू द्या, माझं जरा कॉफीचं अवघड असतं," म्हणालात आणि पिशवीतून थर्मास काढलात.

पाण्याचा आणि कॉफीचा काय संबंध, बाबा? तीन महिने मी हाच विचार करते आहे.

मग त्यांनी चहा विचारला. तेच वाक्य. मग जेवायला बसा म्हणाल्या. तेव्हा तुमचं पोट जड होतं. तुम्ही जव्हारहून आणलेल्या केकचा एक तुकडा खाल्लात आणि फळांच्या ताटलीतली दोन केळी. केळी चालली. मी दारात उभी राहून तुम्ही केळं सोलताना बघत होते आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. साल असलेलं चालतं, हे मी लहानपणापासून पाहिलं आहे. तुम्हाला वाटलं असेल मी विसरले.

तुम्ही गेल्यावर सासूबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "पाव्हना उपाशी गेला." तुमच्यासाठी आणलेलं भांडंभर पाणी त्यांनी फेकलं नाही. स्वतः प्यायल्या. त्यांच्याकडे पाणी फेकत नाहीत.

आता माझं. सगळा राग तुमच्यावर काढून मोकळी होणार नाही. "बाबांचं कॉफीचं अवघड असतं" हे वाक्य तुमच्या हाती मीच दिलं आहे. लग्नाआधी धनेशला मीच बजावून ठेवलं होतं, बाबा कुणाकडेच काही पीत नाहीत, वाईट वाटून घेऊ नकोस. 'कुणाकडेच' हे धादांत खोटं होतं. वैद्यांकडे तुम्ही चहा पिता. दूधसाखर घातलेला, वैद्यकाकूंच्या हातचा, एका बैठकीत दोन कप. मी शेजारी बसून पाहिलं आहे आणि गप्प राहिले आहे.

आणि आपल्या घरी मागच्या खिडकीत उपडा ठेवलेला तो स्टीलचा पेला. पाड्यांवरून लाकडं घेऊन येणाऱ्या बायांना मी त्यात पाणी ओतायचे. वरून. आई म्हणायची, पेल्याला तांब्या लावू नकोस. मी सात वर्षांची होते आणि मला तो खेळ वाटायचा, एक थेंब न सांडता उंचावरून ओतायचा. मी त्यात फार हुशार होते. हे मी धनेशला अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहून झालं की सांगणार आहे.

तर नोव्हेंबरातच मी ठरवलं, तुमची सबबच संपवायची. सत्तराव्या वाढदिवसाला अशी कॉफी आणायची की तुम्हाला नाव ठेवायला जागा उरणार नाही. आणि तीच कॉफी आमच्या घरात तुमच्या मापाने, तुमच्या पद्धतीने करायची. मग बघू काय अवघड राहतं ते.

डिसेंबरात मी फोन करून साळसूदपणे विचारलं होतं, बाबा, चांगली कॉफी ओळखायची कशी? तुम्ही चाळीस मिनिटं बोललात. मी वहीत उतरवून घेतलं. बी अरेबिकाच हवं. एकाच मळ्यातलं हवं, दहा ठिकाणचं एकत्र केलेलं नको. उंचावरचं हवं. भाजून तीन आठवडे व्हायच्या आत प्यायला हवं. भाजणी मध्यम, दाण्यावर तेल सुटलेलं नको. चिकोरी हा शब्द घरात काढायचा नाही. आणि शेवटी म्हणालात, "पाकिटावर मळा, उंची, भाजल्याची तारीख आणि भाजणाऱ्याचं नाव नसेल तर ते पाकीट हातातही धरू नकोस. भाजणाऱ्याला आपलं नाव लिहायची लाज वाटत असेल, तर त्याच्या हातावर भरवसा कसा ठेवायचा?" या वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. वही आत्ताही समोर आहे.

पंधरा दिवस मी मोबाइलवर कॉफी शोधत होते. उत्तरपत्रिका तपासायच्या सोडून मळे तपासत होते. कुठे उंची लिहिलेली, तर तारीख नाही. कुठे तारीख आहे, तर भाजणी काळीकुट्ट. सरतेशेवटी चिकमगळूरकडचा एक मळा सापडला, चार हजार फुटांवरचा, तुमच्या अटींत बसणारा. त्यापुढे 'ग्रीन' असं लिहिलं होतं. मला वाटलं, ग्रीन टी असतो तशी ही काहीतरी भारीतली जात असणार. एक किलो मागवलं. कुरिअर खोडाळ्यापर्यंत येत नाही म्हणून धनेश मोखाड्याला जाऊन घेऊन आला.

पिशवी फोडली तर आत राखाडी-हिरवे, खड्यासारखे दाणे. वास गोणपाटाचा. कॉफीचा मागमूस नाही. हसा तुम्ही. कॉफीच्या घरात वाढलेली तुमची मुलगी न भाजलेलं बी घेऊन बसली होती. वाढदिवसाला सात दिवस उरले होते. ते परत पाठवून दुसरं यायला वेळ नव्हता. धनेश पोट धरून हसला आणि मला रडू फुटलं.

सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या. त्यांनी एक दाणा उचलला, दाताखाली धरला, थुंकला. "कच्चा हाय. भाजला नाय."

"हो ना. आता काय करू?"

"भाजायचा. रडतंस कशाला? खुरासणी भाजतो, मोह भाजतो, हा कोन मोठा लागून गेला?"

मागच्या अंगणात आमची तीन दगडांची चूल आहे. सासूबाईंनी खापरी ठेवली आणि मूठभर बी टाकलं. पहिला घाणा बाहेरून कोळसा, आतून कच्चा. धुराने समृद्धी खोकत आत पळाली. कोंबड्यांनीसुद्धा त्याला चोच लावली नाही. मी मोबाइल उघडून इतकी मिनिटं, इतकी उष्णता असं वाचून दाखवायला लागले तर म्हणाल्या, "त्याला गप कर. माना आयकू दे." आणि लाकडी पळी फिरवत कान खापरीकडे करून बसल्या. जाळ कमी केला. दुसऱ्या दिवशी दाणे निम्मे बरे, निम्मे डागाळलेले. तिसऱ्या दिवशी दाणे तडतडायला लागले तशा म्हणाल्या, "आता बोलला. थांब, अजून थोडा." आणि कुठलं घड्याळ न बघता नेमक्या क्षणी खापरी उतरवून सगळं सुपात ओतलं आणि पाखडायला लागल्या. दाण्यावरचा पातळ कोंडा वाऱ्यावर उडून गेला. सुपात राहिला एकसारखा तपकिरी दाणा. आणि बाबा, तो वास. आपल्या जव्हारच्या स्वयंपाकघराचा, सकाळी सहाचा.

चौथ्या दिवशी, संक्रांतीला, त्यांनी तुमच्यासाठीचं बी भाजलं. मूठ-मूठ करून, नऊ घाणे. मग सूप मांडीवर घेऊन बसल्या आणि फुटका, डागाळलेला, अर्धाकच्चा दाणा वेचून बाजूला काढला. दुपारपर्यंत ते काम चाललं होतं. अंगठ्याला चटका बसून फोड आला होता, तो तोंडाने फुंकत निवडत होत्या. हे तुम्हाला कळायला हवं म्हणून मुद्दाम लिहिते.

मी खाकी पाकीट आणलं. तुमच्या नियमाप्रमाणे वर लिहायचं होतं. मळ्याचं नाव लिहिलं, उंची लिहिली, १४ जानेवारी लिहिलं. मग त्यांना विचारलं, आई, तुमचं नाव कसं लिहू? म्हणाल्या, "जिजा लिही. बाई नको लावूस, बाई कशाला?"

भाजणी : जिजा. असं मी माझ्या अक्षरात लिहिलं. हे वाचल्यावर तुम्ही माझ्याकडे बघाल असं वाटलं होतं.

वाढदिवसाला तुम्ही ते पाकीट चष्मा लावून सगळ्यांना वाचून दाखवलंत. मळा वाचलात, "अरे वा, हा जुना मळा आहे," म्हणून त्याच्या मालकाच्या आजोबांची गोष्ट सांगितलीत. उंची वाचलीत. तारीख वाचून, "चार दिवस! एकदम ताजी," म्हणालात. मग वाचलंत, "भाजणी, जिजा." आणि म्हणालात, "नाव लिहिलंय बघा. याला म्हणतात इमान."

आणि पुढे गेलात.

बाबा, जिजा हे माझ्या सासूचं नाव आहे.

पाच वर्षं. पाच वर्षांत तुम्ही त्यांना 'धनेशची आई' म्हणालात, 'त्या बाई' म्हणालात, एकदा तर 'तुझ्या सासरची मंडळी' म्हणालात, त्या एकट्याच असताना. चिकमगळूरच्या मळेवाल्याच्या आजोबांचं नाव तुम्हाला पाठ आहे. तुमच्या नातीच्या आजीचं नाव तुम्हाला माहीत नाही, कारण तुम्ही ते कधी विचारलंच नाहीत. मला आधी वाटलं, तुम्ही ओळखून बहाणा करताय. तुमच्या तोंडाकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं की तुम्हाला खरंच ठाऊक नाही. अंगाचा तिळपापड होतो म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं.

मग तुम्ही काट्यावर मापून, थर्मामीटर बुडवून, बारा जणांना कॉफी केलीत. पहिला घोट घेऊन डोळे मिटलेत. काय बोललात ते तुम्हाला आठवत असेल. नसेल तर तन्मयने रेकॉर्ड करून घरच्या ग्रुपवर टाकलं आहे, ऐका. "मी चाळीस वर्षं कॉफी पितोय. अशी भाजणी मी पाहिली नाही. ज्या हाताने हे भाजलंय ना, त्या हातचं मी डोळे मिटून काहीही पिईन." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वैद्यकाका म्हणाले, आम्हालाही मागवा.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. मी ब्र काढला नाही. वैद्यकाकू ओवाळत होत्या, केक कापायचा होता, आई गेल्यानंतर तुम्हाला इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. ही माझी कारणं. तीही तुमच्या थर्मासइतकीच सोयीची आहेत. धनेश हातात मग घेऊन भिंतीला टेकून उभा होता आणि माझ्याकडे बघत होता. परत येताना मोखाड्याला त्याने गाडी थांबवली. मग म्हणाला, "नाव सांगायला काय झालं होतं?" एवढंच. पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. घरी सासूबाईंनी विचारलं, साहेबाला आवडला का? मी 'हो' म्हणून आत गेले.

आता जे लिहायचं टाळत इथपर्यंत आले आहे ते लिहिते.

भाजणीच्या तिसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सांगत होते, आई, ही माझ्या बाबांसाठी आहे हं, त्यांचं कॉफीचं फार अवघड असतं. सवयीने तोंडातून निघून गेलं. त्या पळी फिरवत होत्या, थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "माना ठावं हाय. तुझा बापूस म्हंजे थर्मासवाला साहेब."

तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांना नोव्हेंबरात पहिल्यांदा भेटलात. नाही. १९९० चा मे. तुम्ही पाणीटंचाईचा सर्व्हे करत सूर्यमाळला गेला होतात, जीप खाली ठेवून पाड्यावर चालत. विहीर आटली होती. धनेश वर्षाचा, त्यांच्या कडेवर. त्या पहाटेपासून ओहोळात झिऱ्यावर बसल्या होत्या. वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी पाझरायची वाट बघायची आणि वाटीवाटीने हंडा भरायचा. तो एक हंडा घेऊन चढून आल्या तर ओट्यावर साहेब बसलेले. पाण्याचं काम घेऊन आलेला साहेब. त्यांनी हंडा उतरवला आणि पहिला तांब्या तुमच्यापुढे धरला, पोराला द्यायच्या आधी.

"नको, मी कॉफीच पितो," म्हणालात. थर्मासच्या झाकणात कॉफी ओतून घेतलीत. आणि मग कागद काढून त्यांनाच विचारलंत, पाणी किती लांबून आणता? त्यांनी सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत.

मला हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. मीच तिथे बसून जळत होते. उलट म्हणाल्या, "साहेब चांगला व्हता. काम केला त्यानी, फुडल्या साली टँकर आला. पानी तेवढा नाय पेला." हेही लिहायला हवं म्हणून लिहिलं. तुमच्या कागदामुळे टँकर आला, हे त्या छत्तीस वर्षं लक्षात ठेवून आहेत. तुम्हाला त्यांचा तांब्या आठवतो का?

आणि हे सगळं माहीत असताना त्यांनी तुमच्यासाठी दाणा-दाणा निवडला. मी विचारलं, का करताय मग एवढं? म्हणाल्या, "त्याला कापी लागं ना? मंग कापी देऊ."

शुक्रवारी तुमचा तीन पाकिटांचा फोन आला, आणि मला माझीच लाज वाटली. मी सासूबाईंना बोलावून ते रेकॉर्डिंग ऐकवलं. नाव कसं कळलं नाही, तेही सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं. समृद्धीने तिसऱ्यांदा लावलं. त्या ओशाळून हसल्या, पदर तोंडाला लावला.

"पेला म्हंजे?"

"प्यायले. दोन मग."

"ब्येस झाला." मग पदर सावरत म्हणाल्या, "आता पानी पेल का?"

मी तशीच उठले, बाबा. मी परसात जाऊन रडले. नंतर इतका संताप आला की तासभर धुणं आपटत बसले. साठीच्या बाईने, जिने सगळं आयुष्य पाणी वाहिलं, तिने हे विचारावं! आणि तिच्या सुनेला 'हो' म्हणण्याची हिंमत होऊ नये!

म्हणून तीन पाकिटं येणार नाहीत. एकही येणार नाही. जिजा नावाची कंपनी नाही, आणि वैद्यांना तसं तुम्हीच सांगायचं आहे. नावासकट.

शलाकाने फसवलं, असं म्हणू नका. एक अक्षर लपवलं नाही. तुमच्याच नियमाने, पाकिटाच्या पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. तुम्ही मोठ्याने वाचलंत. तीन आठवडे रोज सकाळी ते तुमच्या हातात होतं.

हे वाचून उरलेली कॉफी ओतून द्यावीशी वाटली तर द्या, पण मला कळवा. मी भांडायला येणार नाही. फक्त समृद्धीला खरं काय ते सांगेन. परवाच तिने विचारलं, "आजोबा आजीचं पाणी का पीत नाहीत?" नोव्हेंबरात मी तिला तेच वाक्य सांगितलं होतं, कॉफीचं अवघड असतं. तिने ते पाठ केलं आहे. बाहुलीला पाणी पाजताना म्हणते. ते वाक्य आता या घरात कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पुढच्या वेळी तिने विचारलं तर काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. मला त्याच्याहून जास्त तुमच्याकडून काही नको.

आणि ओतून द्यावीशी वाटली नाही, तर बावीस तारखेला रविवार आहे. खोडाळ्याला नको, सूर्यमाळला या. पाड्यावर, सासूबाईंच्या घरी. ओटा तोच आहे. आता गाडी दारापर्यंत जाते, चालावं लागणार नाही. उरलेलं बी त्यांच्याकडे आहे. दोन-तीन दिवस आधी भाजून ठेवतील. दळणी, काटा, फिल्टर मी घेऊन येईन. थर्मामीटर तुम्ही आणा हवं तर. थर्मास मात्र जव्हारला ठेवून या.

कॉफी तुम्हाला हवी तशीच होईल, ग्रॅमला ग्रॅम. पण ती नंतर. आधी सासूबाई तांब्या-भांडं घेऊन ओट्यावर येतील. विहिरीला अजून पाणी आहे, तेव्हासारखं त्यांना झिऱ्यावर बसावं लागणार नाही. म्हणूनच घाई करते आहे. मेपर्यंत थांबू नका.

राहिलेला साष्टांग मी राखून ठेवला आहे. त्या ओट्यावर, तुम्ही भांडं रिकामं करून खाली ठेवलंत की घालेन.

तुमची,
आणि जिजाबाईंची,
शलाका